वादवाली बाई

फॉर्म दोन रंगांचे होते, पांढरे आणि पिवळे.
पांढऱ्यावर नुसते प्रश्न.
पिवळ्यावरही तेच, पण सगळ्यात वर एक जादा ओळ:
'स्त्रीवादाला तुमचा पाठिंबा आहे का?'
सरांनी सांगितलेलं, एक घर पांढरं, एक घर पिवळं,
आणि काही समजावून सांगायचं नाही.

बोरखडीत दुसरी वेचाई चालू होती.
घरांना कुलपं. बाया धुऱ्यावर भाकर खायला बसलेल्या,
ओटीतला कापूस अजून तसाच,
त्यामुळे म्हाताऱ्यासुद्धा पोटुशा दिसत होत्या.
मी बसल्या रांगेनेच फॉर्म वाटले.

दुर्पताला पांढरा आला.
बाईची मजुरी गड्याएवढी हवी? हो.
सातबाऱ्यावर तिचं नाव? हो, लिही, लिही.
नवऱ्याने हात उचलला तर तक्रार करावी?
'तक्रार मंग करू. आंधी उलटा हात.'
मी 'हो'वर टिक केली.
उलट्या हाताला रकाना नव्हता.

पंचफुलाला पिवळा.
पंचफुला राऊत, हिनेच मागच्या साली
निंदणाच्या ऐन भरात सोळा बाया घेऊन
मारुतीच्या पारावर बसकण मारली होती, आठ दिवस.
तण गुडघ्याला आलं तेव्हा पन्नास रुपये वाढले.
पहिली ओळ ऐकून तिने भाकर खाली ठेवली.
'वाद? नाई वो बाई.
वाद नाई केला आमी. हिशोब मांगतला.
वाद घालणारीच्या पोरीले सोयरीक येत नाई.'
मी 'नाही'वर टिक केली.
खालचे सगळे प्रश्न, मजुरी, सातबारा, हात,
सगळ्याला हो.

समजावून सांगायचं नव्हतं. विचारायचं नाही,
असं काही सर म्हणाले नव्हते.
मग तुम्ही केलं ते काय, पंचफुलाबाई?
तिने मिरचीचा तुकडा तोडला.
'त्याले नाव कायले पायजे?
नाव ठेवलं का लोकं नावं ठेवतेत.'

हसल्या सगळ्या. मीही.
कडेला नीरा कन्नाके होती, ती हसली नाही.
'दिवाळीत माही गाय कोंडवाड्यात गेली.
सोडवाले गेली तं शिपाई म्हणे, नाव सांग, खूण सांग.
मी म्हणलं, माह्या हातची खाते, माह्यामागं येते.
तो म्हणे, असं तं सगळ्याच म्हणतेत.
तीन दिवस बांधून होती वो, दूध आटलं.'
एवढं बोलून ती पाणी प्याली, ओटी पुन्हा कसली.
तिला पांढरा आला होता. तिने पिवळा मागितला.
बदलून द्यायची परवानगी नव्हती.

मी मान खाली घालून होते, लिहायचं म्हणून.
सासऱ्यांना मी सांगितलंय, बायकांच्या आरोग्याचं काम आहे.
तीन वर्षं झाली.
आमची सून लोहाच्या गोळ्यांचं विचारत फिरते,
असं ते पाहुण्यांना सांगतात,
आणि मी तेव्हा चहा आणते.

परवा सर आलेख काढतील,
एक उंच खांब, एक ठेंगणा,
खाली गावाचं नाव.
ठेंगण्यात पंचफुला कशी बसवतील कोण जाणे.
तिचे तर पाय पारावरून खाली येतात.

साडेचारच्या एसटीसाठी फाट्यावर उभी राहिले.
पऱ्हाटीच्या वर नुसती डोकी दिसत होती,
कुठलं कुणाचं कळेना.
तेवढ्यात त्यातून हाक आली:
'ओ वादवाल्या बाई! पेन रायला तुमचा!'

फाट्यावर चार माणसं होती,
पानठेल्यावर दोन,
त्यातला एक सासऱ्यांच्या बसण्याउठण्यातला.
सगळ्यांनी माना वळवून पाहिलं, कोण ती.

मी ओ दिली.